रशीदभाईंचं नाक

माझ्या घरी कुणी गाडीवाला पाहुणा आला की बायको त्याला दारातच बजावते, "यांना गाडीबद्दल काही विचारू नका. जेवण गार होईल!"

तिचं काही चुकत नाही. गॅरेजमध्ये काम केलेल्या माणसाला किस्से जमवावे लागत नाहीत. दोन माणसं बोनेटवर वाकून उभी राहिली की तिसरा येऊन विचारतोच, "काय झालं?" तिथंच किस्सा सुरू होतो. नगरला मनमाड रोडवर आमचं गॅरेज होतं, तेव्हा असे तिसरे रोज यायचे. नव्वदच्या दशकातली गोष्ट. गाड्या कमी आणि जुन्या. त्यामुळे प्रत्येक गाडीचा स्वभाव आम्हाला पाठ!

आम्ही तिघं भागीदार. रशीदभाई सगळ्यांत मोठे, इंजिन त्यांच्याकडे. भागाजी वायरिंग बघायचा. क्लच, ब्रेक, स्प्रिंगा म्हणजे गाडीखाली झोपून करायची कामं माझ्याकडे. रशीदभाई मला दत्तू म्हणायचे, चिडले की दत्तात्रय.

रशीदभाईंची एक पद्धत होती. गाडी आली की बोनेट उघडायच्या आधी ते गाडीभोवती एक चक्कर मारायचे आणि हुंगायचे. गिऱ्हाईक सांगायला लागलं की हात वर करायचे. "थांबा. आधी गाडीला बोलू द्या!"

आता गाडीला कॉम्प्युटर लावतात. तो सांगतो, सेन्सर खराब. रशीदभाई आज नाहीत. असते तर त्यांनी आधी तो कॉम्प्युटर हुंगला असता!

*

कापड बाजारातले एक शेठजी होते. स्वभावानं गरीब, पण खाण्यापिण्याच्या बाबतीत फार कडक. घरात कांदासुद्धा नाही. त्यांच्या अँबॅसिडरमध्ये एकाएकी सडक्या अंड्यांचा वास यायला लागला.

शेठाणींनी गाडीत पाय ठेवायचं बंद केलं. शेठजींनी ड्रायव्हरला बोलावलं. ड्रायव्हरचं नाव बबन. "तू गाडीत अंडी खातोस?" बबन म्हणाला, "न्हाई." शेठजींनी गाडी हुंगली आणि बबनला त्याच दिवशी काढून टाकलं. सीटा धुतल्या, गोमूत्र शिंपडलं, उदबत्त्या लावल्या. वास तसाच! उलट आता त्यात उदबत्तीची भर.

शेवटी गाडी आमच्याकडे आली. रशीदभाईंनी चक्कर मारली, बोनेटपाशी थांबले आणि भागाजीला म्हणाले, "तुझं काम हाय."

भागाजीनं बघितलं तर चार्जिंग वेळेवर तोडणारा कटआउट बिघडलेला. बॅटरी जास्त चार्ज होऊन आत उकळत होती. बॅटरी उकळली की अगदी सडक्या अंड्यांसारखा वास सुटतो.

शेठजी मटकन स्टुलावरच बसले. "म्हणजे बबननं अंडी खाल्ली नाहीत?"

रशीदभाई म्हणाले, "शेठजी, अंडी बॅटरीनं खाल्ली!"

माणूस मोठ्या मनाचा. तिथूनच निघाले ते थेट बबनच्या घरी. आम्हालाही सोबत नेलं, साक्षीला! बबन अंगणात बसलेला. शेठजींनी त्याच्या बायकोपोरांसमोर हात जोडले. म्हणाले, "चुकलो. उद्यापासून कामावर ये."

बबनचे डोळे भरून आले. म्हणाला, "येतो शेठजी. पण तुमी एवढे दारात आलात, आता खोटं बोलवत न्हाई. आम्लेट खायचो मी. पण गाडीत कधीच न्हाई! डिकीवर ठेवून, उभ्यानं खायचो!"

शेठजींनी जोडलेले हात खाली घेतले. म्हणाले, "उद्या येताना डिकी धुऊन ये."

*

नगरहून शनिशिंगणापूरला भाविक नेणारा एक टॅक्सीवाला होता, पोपट. त्याची तक्रार आम्ही आधी कधी ऐकली नव्हती.

"रशीदभाई, गाडीत बसलं की भजी तळल्याचा वास येतो. पॅसेंजरला भूक लागती! घोडेगाव आलं की सगळे म्हणतात, हॉटेलपाशी थांबव. माझी एक फेरी कमी व्हायला लागलीय!"

तेल गळून गरम सायलेन्सरवर पडत असणार, हे उघड होतं. रशीदभाईंनी इंजिनवरच्या झाकणाचं, टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदललं, इंजिन धुऊन लख्ख केलं. पुढच्याच आठवड्यात पोपट परत. भजी चालूच!

मग रशीदभाईंनी सायलेन्सरच्या पाइपावरचा ओघळ बोटानं पुसला, चोळला, हुंगला. आणि चक्क जिभेला लावला.

"दत्तू, हे इंजिनचं तेल न्हाई रे. हे तर गोडं तेल हाय!"

पोपट पायाकडं बघायला लागला. खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं. दर शनिवारी शिंगणापूरला गाडी उभी केली की हा देवाला तेल वाहायचा आणि उरलेलं तेल बोनेटवर ओतून हात जोडायचा. बोनेटच्या फटीतून ते थेट तापलेल्या पाइपावर!

रशीदभाई समजुतीनं म्हणाले, "बाबा, तुझी साडेसाती असंल तर देवाला वाह तेल. गाडीवर कशाला?"

पोपट कळवळून म्हणाला, "माझी कुठं हो? माझं सगळं बरं चाललंय. साडेसाती गाडीलाच लागलीय!"

*

सुप्याच्या एमआयडीसीत फोरमन असलेले साळवेसाहेब. त्यांच्या घराण्यातली ही पहिली गाडी. सेकंडहँड होती, पण तिच्यावर जीव असा की पार्क करून निघाले तरी दोनदा मागं वळून बघायचे.

तिच्या स्टेअरिंगला एवढी ढिलाई आली होती की पाव चक्कर फिरवलं तरी चाकांना पत्ता नसायचा. साळवेसाहेबांनी त्याची सवय करून घेतलेली. सुप्याहून नगरला येईपर्यंत स्टेअरिंग सारखं इकडून तिकडं, तिकडून इकडं. जात्यावर दळण दळावं तसं. आणि गाडी मात्र सरळ!

आम्ही म्हणायचो, "साहेब, एकदा काम करून घ्या." ते म्हणायचे, "चालतंय की! हिला थोडं आधी सांगावं लागतं, एवढंच."

एकदा त्यांच्या मुलीचा साखरपुडा ठरला. पाहुण्यांना गाडीतून आणायचं होतं. तेव्हा कुठं ते तयार झाले. मी दिवसभर गाडीखाली. झिजलेले सगळे जोड बदलले, स्टेअरिंग बॉक्स आवळला. गाडी सुतासारखी सरळ केली.

साळवेसाहेब बसले. आम्हाला हात केला. गाडी सुरू केली आणि सवयीप्रमाणे डावीकडं दणकून स्टेअरिंग फिरवलं.

गाडी फाटकाजवळच्या पाण्याच्या टाकीवर! टाकी फुटली, आम्ही तिघं नखशिखांत भिजलो. बंपर वाकला. साळवेसाहेब खाली उतरले. आम्ही घाबरून त्यांच्याकडं बघतोय आणि ते गाडीकडं बघतायत.

"कमाल झाली," ते म्हणाले, "पहिल्या शब्दाला ऐकलं हो तिनं! घरात मला ही सवय न्हाई!"

*

आता असं वाटेल की रशीदभाईंचं नाक कधी चुकत नव्हतं. चुकायचं! आणि चुकलं की फार लांबवर चुकायचं.

एक फोटोग्राफर फक्त ऑइल बदलायला आले होते. रशीदभाईंनी चक्कर मारली आणि गंभीर झाले. "वायर जळतीय. ही गाडी रस्त्यात पेट घेईल."

बिचारे फोटोग्राफर पांढरेफटक! भागाजीनं डॅशबोर्ड उघडला. वायरी ओढून काढल्या. सगळ्या धडधाकट. रशीदभाई म्हणाले, "अजून येतोय वास. मागच्या बघ." मागच्या काढल्या. छताच्या काढल्या. गाडीतल्या वायरींचा जमिनीवर ढीग झाला, वास काही थांबेना.

तेवढ्यात शेजारच्या चहाच्या टपरीवरच्या पार्वतीमावशी तरातरा आल्या. त्यांच्या हातात किटली, आणि किटलीची मूठ वितळून लोंबत होती.

"मगाधरनं वरडतीय मी! किटलीची मूठ जळाली, कुनाकडं पकड हाय का? तर सगळे गाडीत डोकं घालून बसल्यात!"

रशीदभाईंनी किटली हुंगली. आणि नमाजाची वेळ झाली नव्हती तरी मशिदीकडं निघून गेले.

भागाजीनं संध्याकाळपर्यंत सगळ्या वायरी परत जोडल्या. फोटोग्राफर दुसऱ्या दिवशी हजर. म्हणाले, "गाडीला आता अजिबात वास नाही. पण हॉर्न वाजवला की वायपर चालतो. काही हरकत नाही ना?"

*

कोल्हारचे रावसाहेब म्हणजे सहा फुटी गडी. बागायतदार, प्रवरेच्या काठाला ऊस. गाडी स्वतः चालवायचे आणि छान चालवायचे. तरी त्यांच्या गाडीच्या क्लच प्लेटा जळायला लागल्या. नवी टाकली की थोड्या दिवसांत पुन्हा तोच करपट वास.

मी म्हणालो, "रावसाहेब, क्लचवर पाय ठेवून चालवता का?"

"वीस वर्षं चालवतोय गाडी. मला शिकवतो व्हय रे?" ते खवळले. मग जरा थंड होऊन म्हणाले, "आणि आणखी एक बघ. हे सीट आपोआप पुढं सरकतंय. सकाळी बसावं तर गुडघे स्टेअरिंगला! रेल झिजली असंल."

मी रेल तपासली. एकदम घट्ट. धक्का मारला, हिसका दिला, जागची हलेना. बुचकळ्यात पडून खाली वाकलो तर क्लच पेडलच्या मागं काहीतरी चमकलं. हिरव्या काचेच्या बांगडीचा तुकडा.

मी तो रशीदभाईंना दाखवला. त्यांनी तो उजेडात धरून बघितला आणि शर्टाच्या खिशात टाकला. मला हळूच म्हणाले, "क्लच बदल. सीटच्या रेलला ग्रीस लाव, सहज सरकू दे. आणि तोंड बंद ठेव."

पुढं कळलं ते असं. रावसाहेब दुपारी जेवून झोपले की त्यांची बायको, कमलवहिनी, गाडी काढायच्या. पाटाच्या कडेच्या रस्त्यावर, उसाच्या आड. शिकवायला कुणी नाही. इतकी वर्षं शेजारच्या सीटवर बसून नवऱ्याचे पाय बघितलेले, तेवढीच शाळा. नवरा उठायच्या आत गाडी होती तिथं, फक्त सीट मागं सरकवायचं राहून जायचं.

मग एक दिवस भरदुपारी रावसाहेबांच्या छातीत कळ आली. घामानं भिजले, बोलता येईना. घरात पुरुष माणूस नाही. जो तो "गाडी बघा, गाडी बघा" म्हणून पळतोय, आणि कमलवहिनींनी खुंटीवरची किल्ली घेतली. नवऱ्याला मागच्या सीटवर आडवं केलं, सासूबाईंना त्यांचं डोकं मांडीवर घ्यायला सांगितलं. पदर खोचला आणि निघाल्या. कोल्हार ते नगर, मधे राहुरीचा बाजार, समोरून उसाचे ट्रक. सासूबाई नंतर सगळ्यांना सांगायच्या, "मी निम्मी वाट पोराकडं बघत हुते आन् निम्मी सुनंकडं!"

डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलं म्हणून वाचले.

दोनेक महिन्यांनी गाडी आमच्या फाटकातून आत आली. स्टेअरिंगवर कमलवहिनी. शेजारी रावसाहेब, मफलर गुंडाळून, अगदी शहाण्या मुलासारखे. रशीदभाईंनी पुढं होऊन वहिनींना दार उघडलं. मी त्यांना कुणासाठी दार उघडताना त्याआधी बघितलं नव्हतं.

"वहिनी, क्लच जळाला का?"

"क्लच चांगला हाय, रशीदभाई," वहिनी नवऱ्याकडं न बघता म्हणाल्या. "डॉक्टरांनी ह्यांना एवढ्यात गाडी चालवायची न्हाई म्हणून सांगितलंय. पण दुपारी माझा डोळा लागला की सीट आपोआप मागं सरकतंय. रेल झिजली असंल, जरा बघता का?"

*

भिंगारला एक पवार गुरुजी राहायचे. रिटायर झालेले, मुलं नोकरीला लांब. घरात दोघंच, ते आणि ताराबाई. त्यांची गाडी आमच्याकडच्या सगळ्या गाड्यांत म्हातारी.

एकदा गुरुजी आले आणि म्हणाले, "रशीदभाई, पेट्रोलचा वास फार येतो. मला एकट्याला चाललं असतं. पण हिला रोज फिरवून आणतो, भीती वाटते."

ताराबाईंना तेव्हा विसरायला व्हायला लागलं होतं. आधी चष्मा, मग शेजारणींची नावं, मग मुलांची. घरात बसल्या बसल्या म्हणायच्या, "मला घरी सोडा." पण संध्याकाळी गुरुजींनी गाडीत बसवलं की शांत व्हायच्या. चांदबिबीच्या महालापर्यंत जायचं, डोंगरावरून नगरचे दिवे बघायचे, परत यायचं. तेवढा वेळ त्या पूर्वीच्या ताराबाई असायच्या.

आम्ही मन लावून काम केलं. पेट्रोलची पाइपलाइन बदलली. तेलाची गळती बंद केली. भागाजीनं आपणहून सीटा धुतल्या, जुनं कुजकं मॅटिंग काढून नवं टाकलं, पुढं अत्तराची बाटली लावली. रशीदभाईंनी चक्कर मारली आणि खूश होऊन म्हणाले, "आता ही गाडी न्हाई, नवरी हाय!"

दुसऱ्या दिवशी गुरुजी रिक्षानं आले. चेहरा उतरलेला.

"ती गाडीत बसत नाही हो. दार उघडलं, वाकून आत बघितलं आणि म्हणाली, ही आपली गाडी नाही. हात धरला तर ओरडायला लागली. परक्याच्या गाडीत बसवतो म्हणून मला मारायला धावली." जरा थांबून म्हणाले, "रात्रभर घरी सोडा, घरी सोडा चाललं होतं. रशीदभाई, तो वास परत घालता येईल का?"

रशीदभाईंनी हातातला पाना खाली ठेवला. मग उठले. "भागाजी, अत्तर काढ पहिलं. आन् जुनं मॅटिंग कुठं टाकलंस ते शोध!"

दुपारी आम्ही तिघं भिंगारला गुरुजींच्या अंगणात. आयुष्यभर वास काढणारी माणसं वास घालायला निघालेली! रशीदभाईंनी जळकं ऑइल फडक्यानं इंजिनवर फिरवलं, गाडी सुरू करून तापवली. ताराबाई दारात आल्या, वाकल्या, मान हलवली. "नाही." गॅरेजच्या मागच्या ढिगातून आणलेलं मॅटिंग अंथरलं. पुन्हा आल्या. जरा जास्त वेळ थांबल्या. "नाही." रशीदभाईंनी चिंधीवर पेट्रोलचे थोडे थेंब टाकले, डब्यात घालून डिकीत ठेवले. स्वतः मागच्या सीटवर बसून, डोळे मिटून हुंगत राहिले. त्यांच्या कपाळावर घाम.

"अजून काहीतरी व्हतं," ते स्वतःशीच म्हणाले. "गुरुजी, ओल. गाडीत ओल यायची ना?"

"पावसाळ्यात गळायची. काच नीट बसत नव्हती."

रशीदभाईंनी तांब्याभर पाणी घेतलं आणि भागाजीनं घासून स्वच्छ केलेल्या सीटवर, दाराच्या कडेनं, सावकाश ओतलं. मग गाडीच्या काचा लावून तिला उन्हात ठेवली. आम्ही कट्ट्यावर बसून राहिलो.

उन्हं कलली तेव्हा गुरुजींनी बायकोचा हात धरला आणि दार उघडलं. आतून जो भपकारा आला, त्यानं मी दोन पावलं मागं सरकलो. पेट्रोल, जळकं तेल, कुबट मॅटिंग, ओली सीट, सगळं एकदम!

ताराबाई वाकल्या. थांबल्या. मग पदर सावरून आत बसल्या, पाय आत घेतले आणि दार ओढून घेतलं. गुरुजी घाईघाईनं दुसऱ्या बाजूनं स्टेअरिंगवर येऊन बसले.

ताराबाईंनी पदर नाकाला लावला आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या, "अहो, किती वास मारतोय गाडीला! किती दिवस सांगतेय तुम्हाला, एकदा दाखवून आणा कुणाला तरी!"

गुरुजींनी किल्ली फिरवली.

"आणतो, आणतो," ते म्हणाले. "पुढचा पगार झाला की पहिलं तेच काम!"